गुंतवणूक कशात?

वसईच्या पश्चिमेला, समुद्रालगत आमचे भुईगाव. रविवारी शहरातली मंडळी किनाऱ्यावर येतात. सुरूची झाडे, वाड्या, विहिरी पाहून त्यांना वाटते, इथेच दोन गुंठे घ्यावेत आणि राहावे. या इच्छेत वाईट काहीच नाही. परंतु गावात पैसा गुंतवायचा तो नेमका कशात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

१९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. या कलमात जमिनीचा विचार आहे, पाण्याचा नाही. समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरींना गोडे पाणी लागते, यात बावखलांचा मोठा वाटा आहे. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटते. बावखल बुजवून बंगला उठला की शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होऊ लागते. मग भाजी कसली आणि पानवेल कसली! १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, ती हा हिरवा पट्टा वाचावा म्हणूनच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी फी वाडीतल्या भाजीने भरली. म्हणून ‘विका आणि मोकळे व्हा’ हा सल्ला मला पटत नाही. बाहेरच्यांनी अवश्य यावे, राहावेही. मात्र बावखल बुजवू नये. आणि मित्रहो, विक्रीच्या कागदावर वडिलांचा अंगठा उमटण्याआधी तो त्यांना नीट वाचून दाखवावा, एवढे तरी आपले शिक्षण कामी यावे.