कोरडी ढास आणि स्वच्छ एक्स-रे

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे एक बाई आल्या. हमरस्त्याला लागून त्यांचे पोळी-भाजी केंद्र आहे. तीन महिन्यांची कोरडी ढास, एक्स-रे स्वच्छ, स्पायरोमेट्री नॉर्मल. पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या चार बाटल्या, अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊन गेलेले. “डॉक्टर, शेजारी उदबत्ती लावली तरी ढास लागते हो. पूर्वी मिरचीच्या फोडणीनंसुद्धा मला कधी ठसका लागला नाही.” निदान त्या वाक्यातच होते. मला मात्र ते दुसऱ्या भेटीत ऐकू आले, याची खंत आहे.

मिरचीचा ठसका आणि ही ढास एकाच वाटेने येतात. श्वासनलिकांच्या अस्तरात व्हेगसचे बारीक सी-तंतू पसरलेले असतात. त्यांच्यावरचा टीआरपीव्ही-१ हा रिसेप्टर मिरचीतल्या कॅप्सेसिनने जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ साली शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा गौरव झाला. त्याचा भाऊबंद टीआरपीए-१ हा लाकडाच्या आणि वाहनांच्या धुरातल्या अ‍ॅक्रोलिनने चेतवला जातो. डिझेलच्या धुराचे कणही त्याच वाटेने हे तंतू चेतवतात, असे प्रयोगांत दिसले आहे. धूर रोजचाच असला की अस्तराला सूज राहते, प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन झिरपत राहतात आणि तंतूंचा उंबरठा खाली येतो. मग उदबत्तीचा धूर, थंड वारा, मनमोकळे हसणेही पुरते.

ओझोनचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. निरोगी माणसांना काही तास ओझोन हुंगवला तर त्यांना पूर्ण श्वास घेता येत नाही आणि स्पायरोमेट्रीचे आकडे उतरतात. पण ओपिऑइड देताच ते बरेचसे पूर्ववत होतात. म्हणजे त्या घसरणीत मोठा वाटा नळ्या आवळण्याचा नसून चेतातंतूंनी श्वास मध्येच अडवण्याचा असतो.

क्षय, दमा, आम्लपित्त, रक्तदाबाची ‘प्रिल’ गोळी हे आधी तपासायचेच. (ती गोळीही ब्रॅडिकायनिन वाढवूनच खोकला आणते.) पण आठ आठवड्यांवरच्या खोकल्यात हे सगळे निघाले नाही, म्हणून “काही नाही, मनाचं आहे” असे कृपा करून म्हणू नका. वासाने, हसण्याने, फोनवर बोलण्याने ढास लागते का, घशात खवखव आधी येते का, घर आणि काम कुठल्या धुरात आहे, हे विचारा आणि केसपेपरवर लिहा. भारताच्या मानकात पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. त्यामुळे ‘आज हवा मानकात आहे’ एवढ्यावर रुग्णाला निश्चिंत करता येत नाही.

बाईंनी शेगडी रस्त्याकडच्या दारातून मागच्या खोलीत हलवली, वर एक्झॉस्ट पंखा लावला. ढास अजून आहे. रात्रीची झोप मात्र लागते.