फुकटच्या टपालाचा हिशेब

दोस्तहो, फुकट टपाल ही काही अमेरिकेची अक्कल नाही. ते आमच्या आज्या-पणज्यांनी पायांनी चालवलंय. येसकर महार सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचा, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात धावायचा. पगार काय? शिळ्या भाकरीचा तुकडा आणि गळ्यात वतनाचा फास. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. वतन कायद्यानं मोडायला १९५८ उजाडलं. म्हणून 'फुकट' हा शब्द कुणी गोड करून सांगितला की आमचे कान टवकारले पाहिजेत. ते टवकारत नाहीत, हीच बोंब आहे.

हॉटमेल ४ जुलै १९९६ ला निघालं. तारीख मुद्दाम अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची. प्रत्येक पत्राच्या शेपटीला कंपनीची जाहिरात: तुम्हीपण फुकट खातं काढा. म्हणजे पत्र लिहिणाराच बिनपगारी दवंडीवाला! डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हे दुकान सुमारे ४० कोटी डॉलरला घेतलं. दवंडी पिटणाऱ्याला छदाम मिळाला नाही. मग १ एप्रिल २००४ ला १ जीबी जागा घेऊन जीमेल आलं. २०१७ पर्यंत त्यांचं यंत्र पत्रांतले शब्द चाळायचं आणि त्याबरहुकूम जाहिराती लावायचं.

मी गोदीत माल उचलतो. भाडं न घेता तिथं एक गोणी हलत नाही. तेव्हा भाडं कुणी मागतच नसेल तर समजा, आपण गिऱ्हाईक नाही. आपणच गोणी आहोत.

मग काय, खाती बंद करायची? मुळीच नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं छापली नव्हती. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. गॅसचे टँकर पेटवणार होते, ही पोलिसांची कहाणी. गुंडेवार आयोगानं गोळीबार अनाठायी ठरवेपर्यंत वस्तीनं आपलं खरं कुणाच्या दारात न्यायचं? आज मुलुंडचा पोरगा मिनिटात फोटो जगभर धाडतो. हे हत्यार टाकायचं नाही.

पण मूठ कुणाच्या हातात आहे? भीमा कोरेगाव खटला आठवा. १३ जून २०१६ ला ओळखीच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधून रोना विल्सन यांच्या संगणकात हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरलं आणि पुढं गुन्ह्याची पत्रं त्यात बाहेरून पेरली गेली, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तपासयंत्रणेनं तो मानला नाही. त्याच खटल्यात 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे जून २०१८ पासून साडेसहा वर्षं आत होते. जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, आणि तोवर आरोपनिश्चितीसुद्धा झाली नव्हती. एका पत्राची किंमत काय असू शकते, ती ही.

आणि आपले पुढारी काय करतात? शाखेची यादी, पोरांचे नंबर, मोर्च्याचा रस्ता, सगळं त्याच फुकट पेटीत. वर पासवर्ड १४ एप्रिल! पोलिसांना कष्ट तरी कशाला द्यायचे?

तेव्हा ऐका. सभासदांची यादी दुसऱ्याच्या गोदामात ठेवायची नाही. पत्रासोबत आलेली फाईल ओळखीच्या नावानं आली तरी आधी फोन करून विचारायचं, मगच उघडायची. खात्याला पासवर्डशिवाय दुसरं कुलूप लावायचं. आणि दरमहा वर्गणी काढून संघटनेची स्वतःची, पैसे भरून घेतलेली टपालपेटी उभी करायची. तिच्या चाव्या एका पुढाऱ्याच्या खिशात नकोत, शाखेच्या ताब्यात पाहिजेत. पैसे नाहीत म्हणू नका. बॅनरवर पुढाऱ्यांची थोबाडं छापायला पैसे निघतात, तर याला का नाहीत?

पुढच्या बैठकीला येताना वर्गणी घेऊन या. जय भीम!