कुंग फू शिकवणारा व्हिडिओ : चांगला की नुसता चकचकीत?



मागच्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा उजव्या हाताला प्लास्टर घालून आला. "काय रे, पडलास?" असं विचारलं, तर म्हणाला, "नाही बाई, कुंग फू!" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून नीट विचारलं. नालासोपारा पूर्वेला त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला मोबाईल टेकवून तो फिरून मारायची लाथ शिकत होता. "दहा दिवसांत कुंग फू" अशी एक मालिका, त्यातला तिसरा दिवस. नुकताच पाऊस पडून गेलेला, गच्ची ओली, पायात रबरी चप्पल. तोल गेला, हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. तक्रार करायला नाही, औषधांमुळे गृहपाठ झाला नाही हे सांगायला. जाता जाता म्हणाली, "बाई, मी तरी काय करू? क्लासची फी परवडत नाही. ह्याचे बाबा पहाटेची लोकल पकडतात ते रात्रीच घरी. मोबाईलवर निदान काहीतरी चांगलं बघतोय म्हणून मी खूश होते. आणि ती लिंक तर तुम्हीच पाठवली होती ना?"

खरंच, मीच पाठवली होती. "सुट्टीत काहीतरी नवीन शिका" म्हणून एप्रिलमध्ये वर्गाच्या ग्रुपवर टाकली होती. पहिला एक मिनिट पाहिला, मुलं शिस्तीत रांगेत उभी दिसली, संगीत छान होतं, लाखो लोकांनी पाहिलेलं होतं. झालं, पाठवून मोकळी! गणिताचं एखादं उदाहरण फळ्यावर लिहिण्याआधी मी स्वतः दोनदा सोडवते. पण ज्याने मुलाचं हाड मोडू शकतं, ते न तपासता पुढे ढकललं. हा लेख त्या चुकीतून आला आहे.

आपण भलतंच मोजतो

व्हिडिओ चांगला आहे की नाही, हे ठरवताना आपण काय बघतो? किती जणांनी पाहिला, शिकवणाऱ्याचा पाय किती उंच जातो, अंगात रेशमी झगा आहे का, मागे डोंगर आणि देऊळ आहे का. यातली एकही गोष्ट शिकवण्याशी संबंधित नाही. उत्तम गाणाऱ्याला उत्तम गाणं शिकवता येतंच असं नाही, तसंच हेही.

आपल्या डोक्यातलं कुंग फू बहुतेक सिनेमातून आलेलं आहे. ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' 1973 साली आला. तेव्हापासून आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी आरशासमोर हात फिरवले आहेत. त्यात वाईट काही नाही. पण सिनेमात तारांवर माणसं उडतात, कॅमेरा हव्या त्याच बाजूने बघतो आणि समोरचा माणूस ठरल्या वेळी पडतो. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

मोठी माणसंही फसतात. 2017 साली चीनमधल्या छंगतू शहरात शू श्याओतुंग या लढवय्याने ताई-ची शिकवणाऱ्या एका प्रसिद्ध गुरूंशी सामना केला. अवघ्या काही सेकंदांत गुरू जमिनीवर. ताई-ची वाईट, असा याचा अर्थ नाही. प्रात्यक्षिकात आपणहून पडणारा शिष्य आणि खराखुरा प्रतिकार करणारा माणूस यांत किती अंतर असतं, एवढंच त्यावरून कळतं.

'कुंग फू' म्हणजे मुळात काय?

हा शब्द आपण मारामारीसाठी वापरतो. चिनी भाषेत त्याचा मूळ अर्थ आहे कष्टाने आणि वेळ देऊन मिळवलेलं कौशल्य. सुतारकाम, स्वयंपाक, सुंदर अक्षर, कशातही ते असू शकतं. आपल्याकडे याच्या जवळचा शब्द म्हणजे 'तालीम'. शिकणंही तालीम आणि पैलवान जिथे शिकतात ती जागाही तालीमच. म्हणजे "दहा दिवसांत कुंग फू" या नावातच विसंगती आहे. पी हळद अन् हो गोरी!

मग पहिली कसोटी अगदी सोपी. व्हिडिओ सुरुवात कुठून करतो ते बघा. कुंग फूच्या बहुतेक शैलींमध्ये नवशिक्याला आधी उभं राहायला शिकवतात. 'मा-बू' म्हणजे घोड्यावर मांड ठोकल्यासारखा पवित्रा. पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद, पावलं समोर, गुडघे वाकवलेले, पाठ सरळ. दिसायला काहीच नाही. पण अर्धा मिनिट उभं राहून बघा, मांड्या थरथरायला लागतात.

आता चांगला शिक्षक इथे काय सांगेल? गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत राहू दे, आत पडू देऊ नकोस. कंबर पुढे झुकवू नकोस. श्वास रोखू नकोस. मांडी थकली तर चालेल, पण गुडघ्यात दुखलं तर लगेच थांब. यातलं "लगेच थांब" हे वाक्य ज्या व्हिडिओत नाही, तो मी यापुढे मुलांना पाठवणार नाही. माझ्या त्या मालिकेत मा-बूला वीस सेकंद दिले होते आणि तिसऱ्या दिवशी फिरकी लाथ!

चूक दाखवतो का?

माझ्या मते सगळ्यात मोठी कसोटी हीच. नुसतं बरोबर करून दाखवणं म्हणजे प्रदर्शन. नवशिका नेमका कुठे चुकतो, ते दाखवून दुरुस्त करणं म्हणजे शिकवणं. आपण वर्गात 'ि' आणि 'ी' शिकवताना मुलांच्या ठरलेल्या चुकाच आधी फळ्यावर घेतो ना? तसंच.

साधी मूठ घ्या. लहान मुलं अंगठा बोटांच्या आत दाबून मूठ वळतात. त्या मुठीने जोरात काही मारलं, तर अंगठ्यालाच इजा होते. अंगठा बाहेर हवा, बोटांवर आडवा. मनगट सरळ हवं, ना वर ना खाली. हे सांगायला एक मिनिट लागतो. गोल फिरून मारायच्या लाथेत टेकलेल्या पायाचं पाऊलही फिरावं लागतं. ते जमिनीला चिकटून राहिलं, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पण कितीतरी व्हिडिओंत कॅमेरा कमरेच्या वरच असतो, पाऊल दिसतच नाही!

आणि पडणं? आपल्या कुस्तीच्या तालमीत लाल माती असते. हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली. तिथे पोरगं आधी पडायला शिकतं. हनुवटी छातीशी, डोकं जमिनीपासून दूर, ताठ हात टेकायचा नाही. आपल्या वसई-विरारच्या पोरांच्या वाट्याला गच्चीचं काँक्रीट, नाहीतर दोन इमारतींमधले पेव्हर ब्लॉक. जो शिक्षक लाथ शिकवतो पण कुठे करायची आणि पडलास तर काय करायचं हे सांगत नाही, त्याने धडा अर्धाच दिलेला असतो.

आवाज बंद, मग डोळे बंद

आता मी घरी वापरते ती युक्ती. कुंग फू न येणाऱ्या आईवडिलांनाही जमेल अशी आहे.

आधी आवाज बंद करून व्हिडिओ बघा. नुसत्या चित्रावरून पावलं, गुडघे आणि हात कुठे आहेत ते कळतं का? समोरून, बाजूने आणि पाठीमागून दाखवलंय का? पाठीमागून दाखवणं महत्त्वाचं, कारण समोर तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकाचा उजवा हात मुलांना डावीकडे दिसतो आणि गोंधळ उडतो. हालचाल एकदा सावकाश केली आहे का?

मग डोळे मिटून फक्त ऐका. शब्दांवरून कृती कळते का? की "असं करा, मग असं, आणि असं" एवढंच ऐकू येतं? त्या "असं"ने घात होतो. आणि इथेच मराठीच्या शिक्षकाचं काम सुरू होतं. आपल्या भाषेत शरीराचे शब्द कमी नाहीत : घोटा, पोटरी, टाच, चवडा, मनगट, कोपर, बरगडी, माकडहाड. चवड्यावर फिर म्हटलं की मुलाला नेमकं कळतं.

हे आपल्याकडे पूर्वी झालेलं आहे. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी संपादित केलेला 'व्यायामज्ञानकोश' 1936 ते 1949 या काळात दहा खंडांत मराठीत निघाला. तेव्हा व्हिडिओ कुठला! छायाचित्रं आणि शब्द, एवढ्यावरच मल्लखांबापासून कुस्तीपर्यंत सगळं मांडलं. फरक इतकाच, की तो कोश वाचणाऱ्याच्या आसपास बहुधा एखादी तालीम असे आणि चुकलं तर वस्ताद पाठीत धपाटा घालून सांगत. आज मुलाच्या समोर फक्त काच आहे. व्हिडिओ मुलाला दिसतो, पण व्हिडिओला मूल दिसत नाही.

मुलींसाठी "पाच युक्त्या"

याबद्दल थोडं कडक बोलते. "छेड काढणाऱ्याला पाच सेकंदांत लोळवा" छापाचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर रोज फिरतात. कॉलेजला जाताना गर्दीच्या विरार लोकलमध्ये चढणाऱ्या मुलींच्या आया ते काळजीपोटी पाठवतात. मी समजू शकते.

आम्ही नववीच्या मुलींबरोबर त्यातली एक युक्ती करून बघितली, धरलेलं मनगट सोडवण्याची. तत्त्व बरोबर आहे. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात, ती पकडीतली कच्ची जागा, त्या बाजूने मनगट फिरवून ओढायचं. मैत्रिणीने धरलं तेव्हा सगळ्यांचं सुटलं. मग मी सांगितलं, "आता खरंच सोडू नका हं!" निम्म्याहून जास्त जणींचं सुटलं नाही. वर्ग एकदम शांत झाला.

ती शांतता मला महत्त्वाची वाटते. खोटा आत्मविश्वास हा भित्रेपणापेक्षा धोक्याचा. म्हणून स्वसंरक्षणाच्या व्हिडिओची कसोटी अशी : त्यात ओरडणं, निसटणं, मदत मागणं आधी आहे का आणि मारणं शेवटी? 112 हा आपत्कालीन क्रमांक, रेल्वेचा 139, मुलांसाठी 1098 हे त्यात आहेत का? आणि सोडायला तयार नसलेल्या जोडीदाराबरोबर सराव दाखवला आहे का? समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची सोय आहे. तीन महिने, पाच सेकंद नव्हे. आपल्या शाळेत ते होतंय का, हे पालकांनी जरूर विचारावं.

"मग व्हिडिओ बंदच करायचे का?"

नाही. त्या आईचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याला क्लास परवडतो त्याला "व्हिडिओ नको, गुरू हवा" म्हणणं सोपं आहे. आणि क्लास म्हटला की सगळं चांगलंच, असंही नाही. भराभर पट्टे वाटणारे, वाढत्या वयाच्या मुलांकडून कौलं फोडून घेणारे क्लासही असतात. मुलांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात, तिथे मार बसला तर वाढीवर परिणाम होऊ शकतो. वरच्या कसोट्या क्लासलाही लावा.

व्हिडिओचा एक गुण क्लासमध्ये नाही : तो न रागावता शंभरदा तेच दाखवतो. पवित्रे, श्वास, सावकाश हालचाली, वॉर्म-अप हे त्यावरून शिकता येतं. उड्या, फिरक्या, जोडीदाराला पाडणं, थंड अंगाने पाय फाकवून ताणणं, हे मात्र मोठं माणूस समोर असल्याशिवाय नाही. माझी रेषा मी इथे ओढली आहे.

वर्गात काय कराल?

दोन तासिकांचा उपक्रम. एकाच पवित्र्याचे दोन व्हिडिओ दाखवा. मुलांना पाच प्रश्न द्या : पावलं दिसली का? चूक दाखवली का? कधी थांबायचं ते सांगितलं का? जागा कशी हवी ते सांगितलं का? आपल्याला परत करता आलं का? नंतर मुलांनी तीच कृती आज्ञार्थी वाक्यांत लिहायची आणि शेजाऱ्याने ती वाचून, व्हिडिओ न बघता करायची. शेजारी चुकला, तर वाक्य दुरुस्त करायचं. लेखन, वाचन, व्यायाम आणि व्हिडिओची पारख, सगळं एकाच धड्यात.

आमच्या वर्गात हा तास झाला तेव्हा त्या मुलाचं प्लास्टर निघालं होतं. त्याने ती जुनी मालिका पुन्हा पाहिली आणि वहीत लिहिलं : "या सरांना खूप येतं. पण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. गच्ची ओली आहे का, हे पण नाही."

खाली लाल पेनाने मी "छान" लिहिलं. आणि ग्रुपवरची ती लिंक काढून टाकली.