नवी शाळा बांधा, पण जुनी गिळून नको

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या पोरांचा आहे.

आपल्या गावातल्या सगळ्यात जुन्या शिक्षण संस्थेनं बायपासच्या पलीकडं दुसरं संकुल उभारायचं ठरवलंय. चौकाचौकात फ्लेक्स लागलेत. काचेची इमारत, हिरवंगार मैदान, टाय घातलेली पोरं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कळणाऱ्याला कळतं. आणि हे एका संस्थेपुरतं नाहीच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, जुनी शाळा बाजारपेठेत आणि नवीन 'कॅम्पस' हायवेला, हेच चित्र दिसेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कमेंटमध्ये "तुम्हाला विकास नकोच" हे ऐकायला नको. शाळेला जागा वाढवून पाहिजे, यात मला शंका नाही. एकेका वर्गात सत्तर-सत्तर पोरं बसतात. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक असं लिहिलंय. सकाळी एक अधिवेशन, दुपारी दुसरं, अशी कसरत करून आजवर दिवस काढले. पण २०२४ मध्ये सरकारनं सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. त्यामुळं ती कसरतही आता अवघड झाली. जिना एकच, तोही अरुंद. सुट्टीची घंटा झाली की त्या जिन्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेला आग लागली आणि ९४ मुलं गेली. तिथंही एकाच इमारतीत एकापेक्षा जास्त शाळा कोंबल्या होत्या आणि जिना अरुंद होता. तेव्हा विस्तार हवा, आणि लवकर हवा. यावर वाद नाही.

वाद आहे तो कुठल्या शाळेचा विस्तार, कुणासाठी आणि कुणाच्या जिवावर, यावर.

पहिली गोष्ट. जे होतंय तो विस्तार नाहीच.

पालकांना वाटतंय, आपली शाळा मोठी होतेय, आपली पोरं नवीन इमारतीत जाणार. तसं नाही. बायपासला उभी राहणारी शाळा कागदावर वेगळी शाळा आहे. तिची मान्यता वेगळी, यू-डायस क्रमांक वेगळा. ती २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली येणार. म्हणजे सरकारचं अनुदान नाही, शिक्षकांचा पगार फीमधून. जुनी शाळा अनुदानित आहे, तिथल्या मान्य पदांवरच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. संस्थेचं नाव एक, लोगो एक, संस्थापकांचा फोटो एक. पण एका दारातून पोरगं सरकारी खर्चानं शिकतं, दुसऱ्या दारात त्याच्या बापाला पावती फाडावी लागते. पोरगं इकडून तिकडं न्यायचं तर दाखला काढून नवीन प्रवेश घ्यावा लागणार. याला 'दुसरं संकुल' म्हणणं ही शब्दांची हातचलाखी आहे.

फी घेणारी शाळा काढायला कायद्यानं बंदी नाही. काढा. पण मग फ्लेक्सवर तसं लिहा. जुन्या शाळेच्या पुण्याईवर नवीन दुकानाची जाहिरात कशाला?

दुसरी गोष्ट. यात जुनी शाळा मरते, आणि ती कशी मरते ते समजून घ्या.

अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं ठरतात संच मान्यतेनं. पटावर मुलं किती, त्यातली आधारनं पडताळलेली किती, त्यावर पदं मंजूर होतात. आता समजा, नवीन शाळा सुरू झाली. ज्यांना फी परवडते ते पालक पहिल्याच वर्षी पोरं तिकडं नेणार, त्यात त्यांचा दोष नाही. जुन्या शाळेचा पट घसरला. पट घसरला की पदं कमी. पदं कमी झाली की शिक्षक अतिरिक्त ठरणार आणि कुठल्या तरी लांबच्या शाळेत समायोजित होणार. गणिताच्या सरांची जागा रिकामी, इंग्रजीच्या बाई दोन तुकड्या एकत्र बसवून शिकवतायत. मग उरलेले पालक म्हणणार, "तिथं आता काही राहिलं नाही." ते पण पोरं काढणार. पट आणखी घसरणार.

चार-पाच वर्षांनी संस्थेची मंडळी हात वर करून म्हणतील, "आम्ही काय करणार? मुलंच येत नाहीत." मुलं येत नाहीत की तुम्ही येऊ दिली नाहीत? विहिरीतलं पाणी आपणच मोटार लावून उपसायचं आणि मग विहीर आटली म्हणून गावाला सांगायचं, असा हा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट. बाजारपेठेतली जागा.

ही गोष्ट सगळे कट्ट्यावर बोलतात, लिहीत कुणी नाही. मी लिहितो. जुन्या शाळेची जागा आज गावातली सगळ्यात महाग जागा आहे. एसटी स्टँड हाकेवर, समोर मेन रोड. ती जागा संस्थेनं बाजारभावानं विकत घेतलेली नाही. गावातल्या मोठ्या मनाच्या माणसांनी शाळेसाठी म्हणून दिली. शाळेसाठी, गाळ्यांसाठी नाही.

संस्था हा सार्वजनिक न्यास आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चं कलम ३६ वाचा. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची, बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तरी लागते. आणि तीन वर्षांच्या आतले करार करून तेच तेच फिरवत राहायची पळवाट सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी आत्ताच विचारतोय. नवीन संकुलाचा पैसा कुठून येणार? कर्ज? देणग्या? की जुनी जागा 'विकसित' करून? संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना मी हा प्रश्न थेट विचारला. उत्तर आलं, "वेळ आली की सगळं कळेल." वेळ येईल तेव्हा गाळ्यांचं बुकिंग झालेलं असेल, साहेब.

नवीन जागेचं पण तसंच. बायपासच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन कुणालाही दिसतो. मी बघितला. त्यावर अजून संस्थेचं नाव नाही. "व्यवहार प्रक्रियेत आहे" असं सांगितलं गेलं. असेल. मग फेरफार होऊ द्या, जमीन न्यासाच्या नावावर येऊ द्या, आणि मग नारळ फोडा. एवढी घाई कसली?

आता अंतराचं बघू.

गावापासून नवीन जागा सहा किलोमीटर. आज माळी गल्लीतली, स्टेशन रोडची, झोपडपट्टीतली पोरं दप्तर पाठीला लावून चालत शाळेत येतात. आईला कामावर जाता जाता सोडता येतं. तिकडं जायचं तर बस नाहीतर रिक्षा, आणि ऊस गळीताच्या हंगामात त्याच रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर नाही. दोन पोरं असतील तर प्रवासाचाच खर्च घराच्या किराण्याला टक्कर देईल. पहिलं नाव कुणाचं कमी होतं हे आपल्याला माहीत आहे. मुलीचं.

"पण पंचवीस टक्के जागा गरिबांना राखीव आहेत की!" हो, विनाअनुदानित शाळेत आरटीईच्या आहेत. पण त्या प्रवेशात आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं धरतात, मग एक ते तीन किलोमीटरमधली. शाळा वस्तीपासून सहा किलोमीटरवर बांधली, की गावातला गरीब आपोआप रांगेच्या शेपटाला. कायदाही मोडला नाही आणि त्रासही झाला नाही.

१९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांनी शाळा खेड्यात नेली, जिथं मुलं होती तिथं. आपण शंभर वर्षांनी शाळा तिकडं नेतोय जिथं मुलं नाहीत, फक्त स्वस्त जमीन आणि चारचाकी वळवायला जागा आहे. त्याच कर्मवीरांचा फोटो हॉलमध्ये लावून.

संस्थेची बाजूही ऐकली आहे.

ते म्हणतात, सरकार पगार देतं, पण इमारत, वीजबिल, दुरुस्ती, लॅब यासाठी जे वेतनेतर अनुदान यायला पाहिजे ते ना पुरेसं येतं ना वेळेवर. हे शंभर टक्के खरं आहे. ते म्हणतात, शिक्षक भरती वर्षानुवर्षं रखडते. हेही खरं. ते म्हणतात, जिल्ह्याच्या शाळांच्या पिवळ्या बस सकाळी सहालाच आपल्या गावात येऊन पोरं उचलतात, आम्ही काही केलं नाही तर आम्ही संपू. यात तथ्य आहे. सरकारनं अनुदानित शाळा उपाशी ठेवल्या आणि संस्थांना फीच्या बाजारात ढकललं, हा दोष सरकारचा आहे आणि तो मी आधीही लिहिलाय.

पण सरकारनं उपाशी ठेवलं म्हणून घरातल्या थोरल्याला विष द्यायचं का? बाजारात उतरायचं तर उतरा, पण जुन्या शाळेची मुलं, जुन्या शाळेची जागा आणि जुन्या शाळेचं नाव भांडवल म्हणून वापरू नका.

मग करायचं काय?

नुसती टीका करून मोकळा होणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे. लहान मुलं गावात ठेवा, मोठी बाहेर न्या. पहिली ते सातवी जुन्या जागेतच राहू दे. आठवी ते बारावी नवीन संकुलात न्या, आणि अनुदानासकट न्या. त्यासाठी स्थलांतराची रीतसर परवानगी लागते, वेळ जाईल, मंत्रालयात खेटे घालावे लागतील. घाला. लॅब, मोठं मैदान, वाचनालय याची गरज मोठ्या मुलांनाच जास्त. ती सायकलवर जाऊ शकतात, एसटीनं जाऊ शकतात. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहेच, फक्त शाळेच्या वेळेला गाडी सुरू करून घ्या. एवढं केलं तरी जुन्या इमारतीतला निम्मा भार उतरेल. वर्ग मोकळे होतील, दुसरा जिना काढता येईल, लहानग्यांना खेळायला पटांगण मिळेल.

आणि हे पाच प्रश्न. संस्थेनं त्यांची उत्तरं लेखी द्यावीत, भाषणात नको.

१. नवीन जमीन कुणाच्या नावावर आहे आणि कधी न्यासाच्या नावावर होणार?
२. बांधकामाचा एकूण खर्च किती आणि पैसा कुठून?
३. जुन्या जागेचा एक इंचही विकणार नाही, भाड्यानं देणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत करणार का?
४. जुन्या शाळेतली एकही अनुदानित तुकडी बंद पडू देणार नाही याची हमी कोण घेणार?
५. प्रवेशाच्या वेळी 'इमारत निधी' घेतला जाणार नाही ना? कारण प्रवेशासाठी सक्तीनं देणगी घ्यायला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ पण तेच सांगतं.

पालकांनो, आता तुमच्याकडं वळतो. अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात ७५ टक्के पालक असावे लागतात. तिचं काम तिथं सल्ल्यापुरतं आहे, मान्य. पण सल्ला तरी द्या! आपल्या समितीत कोण आहे हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बैठकीची सूचना नोटीस बोर्डवर लागते का? अनुदानित शाळेला माहिती अधिकार लागू आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि अर्ज टाका. एकट्याला भीती वाटत असेल तर दहा जण मिळून दहा अर्ज टाका.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही पुण्या-मुंबईत, काही जण दुबई-अमेरिकेत आहात. स्नेहमेळाव्याला येता, फेटे बांधता, बाकावर बसून फोटो काढता. आता देणगीसाठी तुम्हाला फोन येतील. द्या, जरूर द्या. पण चेक लिहिण्याआधी विचारा की हा पैसा कुठल्या शाळेच्या खात्यात जाणार आहे. तुम्ही ज्या बाकावर बसलात तो बाक आठ-दहा वर्षांनी तिथं असेल का, हेही विचारा.

मला उद्या फोन येतील, जाहिराती बंद होतील, कुणीतरी म्हणेल याला कुणी पैसे दिले. म्हणू दे. संस्थेची उत्तरं आली तर हीच पोस्ट जशी वाचली तशी तीही शब्द न शब्द इथं टाकीन, हा शब्द आहे.

पटलं तर शेअर करा, नाव न टाकता कॉपी केलं तरी चालेल. नाही पटलं तर कमेंटमध्ये मुद्द्यानं भांडा. फक्त गप्प बसू नका. शाळा संस्थेची असते हे खरं, पण तिची जागा गावाची आहे आणि त्यातली पोरं आपली आहेत.