अग्निशामक यंत्राची जागा

25 मे 2023 च्या पहाटे भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये लाकडाच्या गोदामांना आग लागली आणि शेजारच्या घरांनाही तिची झळ पोहोचली. अग्निशमन दलाचे मुख्य केंद्र याच पेठेत आहे. तथापि बंब कितीही जवळ असले, तरी ते दारात येईपर्यंतची पहिली काही मिनिटे घरच्यांचीच असतात.

त्या मिनिटांसाठी अनेक कुटुंबे अग्निशामक यंत्र विकत घेतात आणि शेगडीशेजारी किंवा ओट्याखाली ठेवून देतात. जेथे आगीचा संभव तेथेच तिचे औषध, हा विचार वरकरणी सयुक्तिक वाटतो. परंतु फराळासाठी चढवलेल्या कढईतील तेल पेटले, की शेगडीलगतचे यंत्र ज्वालांच्या पलीकडे राहते आणि हात पोहोचतो तो पाण्याच्या तांब्यापर्यंत. पेटत्या तेलावर पाणी पडले तर भडका छतापर्यंत जातो.

यंत्राची जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर असावी. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, मुख्य दरवाजाकडे जाणाऱ्या भिंतीवर ते टांगावे. यंत्र चालवणाऱ्याची पाठ दाराकडे असली, म्हणजे प्रयत्न फसल्यास मागे सरता येते. घरासाठी एबीसी पावडरीचे यंत्र सोयीचे. मात्र चार किलो पावडरीचे यंत्र नळकांड्यासह सहा किलोंच्या आसपास भरते, म्हणून ते घरातील सासूबाईंनाही काढता येईल अशा उंचीवर हवे. त्याचा मारा काही सेकंदांतच संपतो. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. त्यावर पिशव्या अडकवण्याची आपल्याकडची हौस तेवढी आवरावी.

रविवार पेठ, नाना पेठ येथील जुन्या वाड्यांत, खाली दुकान व वर बिऱ्हाड असते तेथे, प्रश्न अधिक बिकट होतो. लाकडी जिन्याखाली विजेचे मीटर, त्याला टेकलेली मालाची खोकी आणि आता चार्जिंगला लावलेली स्कूटर. तिच्या पेटलेल्या बॅटरीपुढे घरगुती यंत्राचे फारसे चालत नाही. चार्जिंग जिन्यापासून दूर नेणे हाच उपाय. अशा घरात एक यंत्र दुकानाच्या दाराशी आणि दुसरे जिन्याच्या माथ्यावर असावे. जिन्यात धूर कोंडला असेल, तर यंत्राचा नाद सोडून दार लावून घ्यावे, फटीत ओले कापड कोंबावे, 101 क्रमांकावर कळवावे आणि रस्त्याकडच्या खिडकीतून हाक द्यावी.

उरुळी देवाची येथे 9 मे 2019 रोजी कापडाच्या दुकानास लागलेल्या आगीत आत झोपलेले पाच कामगार मृत्यू पावले. त्यांना बाहेर पडता आले नाही. ज्यांच्या दुकानात नोकर मुक्कामास असतात, त्या शेठजींनी रात्री शटरला बाहेरून कुलूप लावू नये. दार आतून उघडणारे असावे, आणि त्याची किल्ली यंत्राशेजारच्याच खिळ्यावर, आत झोपणाऱ्याच्या हाताशी असावी.