ओलं धान्य तळाशी

नाशिक रोडच्या अनेक मुस्लिम घरांचं एक टोक अजून गावात आहे. आजोबा प्रेसमध्ये नाहीतर रेल्वेत लागले म्हणून घर इथं आलं; पण येवला, नांदगाव, सिन्नरकडच्या एखाद्या खेड्यातून फुफीच्या घरची बाजरी दरवर्षी येते. परतीच्या पावसानंतर आलेलं असंच एक पोतं आमच्याकडे उघडलं. वरची बाजरी टणक, स्वच्छ. हात खाली घातला तर गार, दमट धान्य आणि कुबट वास. अम्मीनं ते गच्चीवर पसरलं, दोन दिवस ऊन दिलं, पाखडलं आणि गिरणीत पाठवलं. म्हणाली, "धूप दिखाई तो सब जाता."

सगळं जात नाही, म्हणून हे संपादकीय.

आपल्या घरांत किडीबद्दलची समज पक्की आहे. कोठीत कडुनिंबाचा पाला घालतात, गव्हाला एरंडेल चोळतात, पोरकिडा दिसला की चाळण मारतात. बुरशीचं गणित मात्र वेगळं आहे. काही बुरश्या धान्यावर वाढताना विष सोडतात. मका आणि शेंगदाण्यावर येणारी हिरवट-पिवळी बुरशी जे विष सोडते त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. उन्हानं बुरशीची वाढ थांबते, झटकली की ती दिसेनाशी होते, पण दाण्यात उतरलेलं विष तिथंच राहतं. तव्याची आच, कुकरची वाफ यांनीही ते पुरतं नष्ट होत नाही. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर घाव यकृतावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याचा धोका कितीतरी पट वाढतो. एका खवट दाण्यानं कुणी मरत नाही, त्यामुळे घाबरवण्याचा हेतू नाही. प्रश्न वर्षभर तेच पोतं खाणाऱ्या घराचा आहे.

असं घर किती लवकर उद्ध्वस्त होतं ते १९७४ साली दिसलं. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या शेजारच्या जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत पावसाळ्यानंतर ताप, कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपास केला तेव्हा बोट मक्याकडे गेलं. अवेळी पावसात भिजलेला, नीट न वाळवता साठवलेला मका हेच त्या घरांचं रोजचं अन्न होतं. ३९७ माणसं आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. त्याच घरांतल्या भाकरीवर जगणारी कुत्रीही तशीच आजारी पडली. आज आपल्या येवला-मालेगाव पट्ट्यात बाजरीच्या जोडीला मका मोठ्या प्रमाणावर आला आहे आणि काढणीच्या वेळी पाऊस गाठतो, म्हणून ही जुनी गोष्ट आपल्याही जवळची आहे.

बाजरीचं दुखणं त्याहून ओळखीचं. कणसावर अरगट पडला की दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी धरतात. त्या दळणात गेल्या तर मळमळ, उलट्या, गरगरणं. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशा बाजरीनं साथ आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. उपाय साधा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं आणि बाजरी त्यात ओतायची. गाठी आणि पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचे दाणे स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन कडक वाळवायचे. पेरणीच्या बियाण्यासाठी कृषी खातं हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे आणि शेतकरी ते करतातही. बियाण्याला मिठाचं पाणी, खाण्याच्या बाजरीला मात्र नुसतं ऊन! शेतावरच्या कार्यक्रमाला पुरुष बोलावले जातात, धान्य निवडणारी घरात असते. आपल्याकडे आणखी एक भर: जुम्म्याला मशिदीत कुणी आरोग्यावर चार शब्द बोललंच, तरी बहुतेक गावांत ते ऐकायला ती नसते.

तिला काहीच कळत नाही असं मात्र समजू नका. सुपात पाखडताना हलका दाणा बाजूला पडतो, निवडताना रंग उडालेला, सुरकुतलेला, फुटका दाणा बोटांना कळतो. बहुतेक विष अशाच दाण्यांत साठलेलं असतं, त्यामुळे सूप हे आपल्या घरातलं सगळ्यात उपयोगी यंत्र आहे. दाताखाली कट्‌ आवाज आला तर दाणा वाळला हेही तिला ठाऊक आहे. अडतं ते पुढे. बाजूला काढलेलं फेकायचं कुणाच्या हुकुमानं? सासू म्हणते अन्न फेकणं गुनाह आहे. नवरा म्हणतो कोंबड्यांना घाल, म्हशीला घाल. म्हशीच्या पोटातून तेच विष रूप बदलून दुधात उतरतं आणि लेकराच्या पेल्यात येतं. कुठेच गेलं नाही तर ती ते आपल्या भाकरीत घालते, कारण शेवटी जेवणारी तीच.

इथं दीनचा आधार घेतला जातो म्हणून दीनबद्दलही बोलू. इसराफ वाईट, हे खरंच. पण कुरआनात हलालच्या शेजारी तय्यब हा शब्द येतो: चांगलं, निकोप. हलाल आहे का हे आपण दुकानात दहा वेळा विचारतो. तय्यब आहे का हे विचारायची सवयच राहिलेली नाही. बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे. पैगंबरांनी ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. मग ते ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असा त्यांचा सवाल होता, आणि फसवणाऱ्याला त्यांनी आपल्यातला मानलं नाही. आपण ही हदीस व्यापाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर सांगतो. मला तिच्यातला ढिगात घातलेला हात महत्त्वाचा वाटतो. ग्राहकाला तळ पाहायचा हक्क आहे.

तो हक्क रेशनच्या दुकानात कोण बजावतं? अधूनमधून आपल्या गटांवर प्लास्टिकच्या तांदळाचा व्हिडिओ फिरतो. रेशनच्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळलेले असतात, ते रंगानं वेगळे दिसतात, पाण्यात तरंगतात. मग घाबरून बाया तेवढेच वेचून फेकतात. म्हणजे पोषक दाणा उकिरड्यावर आणि कुबट वासाचा गहू गिरणीत. हा गोंधळ पसरवणारे मोबाइल बहुतेक आपल्याच हातातले आहेत, तेव्हा तो निस्तरणंही आपल्याकडे येतं.

२०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीचं नाव ठेवलं. कागदावर प्रमुख तुमची अम्मी किंवा दादी आहे. दुकानात अंगठा लावून ओलं पोतं मुकाट्यानं उचलणारीही बहुधा तीच. त्याच कायद्यात दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती आहे आणि तीत स्त्रियांना स्थान देणं बंधनकारक आहे. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे, १९६७ हा तक्रारीचा क्रमांक आहे. तुमच्यातल्या किती जणांनी गावातल्या दक्षता समितीवरच्या बायकांची नावं वाचली आहेत? मी गेल्या महिन्यापर्यंत वाचली नव्हती.

सरकारी प्रमाण सांगतं की किलोभर धान्यात अफ्लाटॉक्सिन १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. हे प्रयोगशाळेतच मोजता येतं आणि फुफीच्या घरचं पोतं कुणी प्रयोगशाळेत नेत नाही. म्हणून जे हातात आहे ते करायचं: मळणीनंतर धान्य ताडपत्रीवर वाळवणं, पोती भिंतीला आणि जमिनीला न टेकवता फळीवर ठेवणं. ओल ओळखायची एक युक्ती पोरांनाही जमेल. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर कोरडं मीठ आणि थोडा मका घालून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला आहे, साठवू नका.

यंदा फुफीला फोन केला तेव्हा आधी हे मिठाचं सांगितलं. ती हसली आणि विचारलं, "और जो खराब निकलेगा उसका क्या करूं, तेरे फुफा को कौन समझाएगा?" फोन मग फुफांना द्यायला सांगितला.