घरचा बेडूक, गावचा तलाव

अमेरिकेतल्या तळ्यांवर बास मासा पकडणाऱ्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडची बरीच पोरं गळाच्या नादाला लागली आहेत. सातारा, कराड, इस्लामपूर, विटा, सांगली, कुठल्याही रस्त्याला रविवारी सकाळी रॉड पाठीला बांधून निघालेली एखादी दुचाकी दिसतेच. हा नाद चांगला आहे आणि तो वाढावा असं मला मनापासून वाटतं. पाण्याकाठी तासन्‌तास गप्प बसणारा माणूस पाण्याचं भलं-बुरं लवकर ओळखतो, आणि आपल्या नद्यांना आज अशा माणसांची गरज आहे.

पण या नादाबरोबर एक समजूतही आली आहे. चांगलं आमिष म्हणजे परदेशी आणि महागडं, आणि चांगला मासा म्हणजे लांबच्या कुठल्यातरी धरणातला. पोरगं पाच-सातशे रुपयांचा लूर, म्हणजे खोटं आमिष, मागवतं, तो पहिल्याच सकाळी बुडालेल्या बाभळीत अडकतो, तंगूस तुटतो आणि पुढचे पैसे जमेपर्यंत रॉड कोपऱ्यात उभा राहतो. अशांना माझं कळकळीचं सांगणं आहे: लूर घरी करा, आणि गावाजवळचं पाणी आधी ओळखा.

आपल्या पाण्यात बास नाही, पण त्यानं काही अडत नाही. गवताआड दबा धरून बसायचं आणि पाण्यावरून जाणाऱ्या बेडकावर तुटून पडायचं, हे जे बास करतो ते आपली मरळ त्याच्याहून रागानं करते. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून जिथं दुसरे मासे गुदमरतील अशा उथळ, गढूळ, जलपर्णीनं भरलेल्या पाण्यातही ती टिकते. माण-खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या दुष्काळी पट्ट्यात 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर बांधलेले पाझर तलाव गावोगाव आहेत. नेरचा तलाव, राजेवाडीचा तलाव हे तर इंग्रजांच्या काळातले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी आल्यापासून काही तलावांत उन्हाळ्यातही पाणी दिसू लागलंय. कृष्णाकाठच्या गावांना तर नदीच दारात आहे. यातलं एखादं पाणी तुमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत असणारच.

घरी केलेल्या लूरला मासा लागत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला लॉरी रापाला या फिनलंडच्या कोळ्याची गोष्ट सांगा. गरीब माणूस. 1936 मध्ये त्यानं बुचाच्या लाकडातून चाकूनं मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवला, आणि लाखेला पैसे नव्हते म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. जखमी मासा कसा अडखळत पोहतो हे त्यानं वल्ही मारता मारता बघून ठेवलं होतं, आणि त्याचा लाकडी मासा तसाच अडखळत पोहत असे. आज जगभर विकल्या जाणाऱ्या रापाला लूरची सुरुवात ही अशी आहे. त्याचं भांडवल होतं ते पाण्याकडे बघायची सवय, आणि ती तुम्हालाही लावून घेता येते.

मरळीसाठी सुरुवात बेडकाच्या आकाराच्या लूरपासून करा. जुनी रबरी हवाई चप्पल घ्या. टाच झिजलेली असते, पण पुढचा भाग जाड राहतो. त्यातून बोटभर लांबीचा तुकडा ब्लेडनं कापा, तोंडाकडे निमुळता, मागं रुंद, पोटाला सपाट. पॉलिश कागदानं कडा गोल करा. पोटाला मधोमध चीर देऊन त्यात दोन तोंडांचा गळ असा बसवा, की त्याची दांडी रबरात जाईल, डोळा नाकापाशी बाहेर येईल आणि दोन्ही टोकं मागून वर वळून पाठीला टेकतील. चिरेत ॲराल्डाइट भरा आणि रात्रभर हात लावू नका. मागच्या पायांसाठी सायकलच्या फुटक्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या किंवा उकललेली सुतळी चालते. डोळ्यांना घरातल्या टिकल्या लावा, वरून ॲराल्डाइटचा पातळ थर द्या, नाहीतर पहिल्याच पाण्यात त्या निघतील. पोट पांढरं किंवा पिवळं ठेवा, कारण मासा खालून बघतो. पाठीचा रंग कुठलाही द्या, तो तुम्हाला लांबून दिसण्यापुरता.

बेडूक पाण्यात पालथा पडत असेल तर मागच्या बाजूला पोटाखाली एक लहान लोखंडी नट चिकटवा. मागची बाजू जड झाली की बेडूक नाक वर करून बसतो आणि कसाही फेकला तरी सरळ होतो. शिसं वापरू नका. पोरं घरातल्या गॅसवर शिसं वितळवतात, त्याची वाफ आणि भुकटी अंगाला घातक असते आणि घरात लहान मूल असेल तर जास्तच.

आता खरी परीक्षा. बेडूक बादलीत सोडून नीट तरंगतोय का बघा. मग अंगणात ओल्या गवताचा ढीग करा आणि त्यावरून त्याला ओढा. गवताची काडी अडकत असेल तर गळाची टोकं पकडीनं किंचित खाली, पाठीकडे दाबा. मग पाठ आणि पोट चिमटीत धरून बेडूक दाबून बघा. टोकं उघडी पडायला हवीत. नाही पडली तर मरळ तोंडात घेईल आणि तशीच सोडून देईल. चप्पल विकतच्या बेडकासारखी मऊ नसते, म्हणून टोकं आणि रबर यांत ज्वारीच्या दाण्याएवढी फट ठेवावी लागते. ही फट साधणं हेच यातलं कसब. पहिले दोन-तीन बेडूक बिघडतील, बिघडू द्या.

लाकडी मासा करणं जरा वेळखाऊ आहे. लाकूड हलकं हवं. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं पूर्वी पांगाऱ्याची होत, कारण पांगारा हलका आणि कोरायला सोपा; बांधावर पांगारा असेल तर वाळलेली फांदी घ्या, झाड तोडू नका. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांसाठी तुणाचं लाकूड वापरतात, ओळखीचा कारागीर असेल तर त्याच्याकडचे निरुपयोगी तुकडे मागून घ्या. माशाच्या पोटाला करवतीनं लांब चीर देऊन तोंडापासून शेपटीपर्यंत एकसंध स्टीलची तार घाला, दोन्ही टोकांना फासा करा. नुसते स्क्रू-हूक लावले तर मोठा मासा ते लाकडातून उपटून नेतो. पोटात वजनाला बेअरिंगचे छर्रे. पुढच्या ओठासाठी जुन्या सीडीचा तुकडा उत्तम. ओठ उभा बसवला तर मासा पाण्याच्या वरच्या थरात पोहतो, आडवा, अंगाच्या रेषेत बसवला तर खोल जातो. ओढताना लूर डावीकडे पळत असेल तर पुढचा फासा केसभर उजवीकडे वाकवा. कृष्णा-वारणेच्या डोहात शिंगाळा माशासाठी खोल जाणारा लूरच लागतो.

फेकताना सरळ मरळीच्या डोक्यावर फेकू नका. जलपर्णीतली फट बघा, तिच्या पलीकडे टाका, पानांवरून हळूहळू ओढत आणा आणि फटीत आल्यावर थांबा. बहुतेक वेळा झडप त्या थांबण्यावरच पडते. झडप पडली की हात लगेच वर जातो, तो आवरा. दोरा ताणला जाऊ द्या, मरळ वळू द्या, मग ओढा. दोरा जाड विणलेला हवा, नाहीतर मरळ वनस्पतीत घुसली की बाहेर येत नाही, आणि तोंडात गळ अडकलेला मासा मागं सोडून येणं वाईट. गळावरचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका. त्यानं मासे निसटतील ही भीती पोकळ आहे, दोरा ताठ ठेवला की झालं. सोडायचा मासा मात्र झटक्यात सुटतो, आणि गळ स्वतःच्या बोटात गेला तर तोही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो. पावसाळ्यात मरळ वनस्पतींमध्ये जागा साफ करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आई-बाप राखण करतात. पिल्लं तांबूस-केशरी असतात, शेकड्यांनी एकत्र फिरतात आणि श्वास घ्यायला एकदम वर येतात. तेव्हा पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी खळबळ दिसते. खाली मोठी मरळ असते. तिच्या पिल्लांवरून काहीही नेलं तरी ती झडप घालते, भूक म्हणून नव्हे, पिल्लांना वाचवायला. व्हिडिओवाले नेमकी हीच जागा शोधतात, कारण तिथं मासा हमखास लागतो. आणि आई-बाप उचलले की थोड्याच वेळात तिलापिया आणि बाकीचे मासे तो सगळा घोळका फस्त करतात. एका मरळीच्या फोटोपायी त्या तलावातली पुढची पिढी जाते. केशरी घोळका दिसला की रॉड खाली ठेवा आणि दुसऱ्या काठाला जा. बरोबरच्यालाही तिथं फेकू देऊ नका, तो नाराज झाला तरी चालेल. जून ते ऑगस्ट मरळ धरलीच नाही तर सर्वांत उत्तम.

खडशी, म्हणजे महसीर, लागली तर तिला पाण्यातच धरून गळ काढा आणि सोडा. धरणांनी तिच्या विणीच्या वाटा अडवल्या आहेत. टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पैदास करून बीज पाण्यांत सोडलं. इतक्या खटाटोपानं जगवलेला मासा आपण एका रश्श्यासाठी घालवू नये.

आणि कृपा करून आपल्या पाण्यात बाहेरचा मासा आणून सोडू नका. ‘एखाद्या धरणात बासच सोडला तर?’ असं बोलणं हौशी मंडळींत कानावर येतं. जपाननं ते करून पाहिलंय. 1925 मध्ये आशी सरोवरात अमेरिकेतून आणलेला बास सोडला. पुढं तो देशभर पसरला, बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांवर संक्रांत आली, आणि 2005 पासून जपानला कायद्यानं बास बाळगण्यावर आणि सोडण्यावर बंदी घालावी लागली. आपल्याकडे बाहेरून आलेल्या तिलापियानं काय केलं ते उजनी धरणाच्या मच्छीमारांना विचारा. घरच्या काचेच्या टाकीतला कंटाळा आलेला मासाही नदीत टाकू नका.

पाण्यावर जाण्याआधी विचारायची सवय ठेवा. बहुतेक तलाव आणि जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. त्यांनी बीज विकत घेऊन सोडलेलं असतं, त्यावर भोई-कोळ्यांची घरं चालतात. संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी घ्या, फी असेल तर द्या. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं पाणी, तसंच मायणीचं पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र, इथं गळ घेऊन जाऊच नका. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. बगळ्याच्या पायाला तो गुंडाळला की पाय तरी जातो नाहीतर बगळा तरी.

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्यांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसं दगावली आहेत. लूर अडकला तर दोरा कापा. गुडघाभर पाण्यातही उतरू नका, काठाला पाणी भरायला बसल्यासारखं उकिडवं बसून मासा धुऊ नका, आणि अंधार पडायच्या आत काठ सोडा. लूर चपलेचा असेल तर तो सोडून द्यायला जीवावर येत नाही, हाही घरी लूर करण्याचा एक फायदा.

शेवटचं काम वहीचं आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची वर्णनं 1839 च्या सुमारास प्रसिद्ध केली तेव्हा खडशी, शिंगटी, मळ्या अशी इथली मराठी नावंच त्यानं शास्त्रीय नावांत घातली, आणि त्यातली कित्येक आजही चालतात. तुमच्या गावच्या म्हाताऱ्या भोयाला अशी नावं अजून पाठ आहेत. त्याच्याजवळ बसा, नावं लिहून घ्या, कुठला मासा कुठल्या डोहात मिळायचा ते लिहून घ्या. तुम्हाला लागलेला प्रत्येक मासा मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, तारीख आणि जागा टाका. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. अशा वेळी त्या पट्ट्यात आधी काय काय जगत होतं हे दाखवणारी वही काठावरच्या कुणाकडे तरी असली पाहिजे. पाण्याला वास आला, फेस दिसला, मासे तोंड वर काढून तडफडताना दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरा, वेळ आणि जागा लिहा, फोटो काढा, आणि तिथूनच प्रदूषण नियंत्रण मंडळाला, तहसीलदार कचेरीला आणि मच्छीमार संस्थेला फोन लावा.